मॅनिंगसाहेबांचा ‘एन’

कृष्णा नदी महाबळेश्वरला उगम पावते, समुद्रसपाटीपासून सुमारे १३३७ मीटर उंचीवर. तिथून निघून ती थेट बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. आता अकरावीच्या फिजिक्समधला तो गुळगुळीत उतारावरून सुटलेला ठोकळा आठवा. घर्षण अजिबात नसेल तर पायथ्याशी पोचल्यावर त्याचा वेग किती? दोन गुणिले जी गुणिले उंची, आणि त्याचं वर्गमूळ. कॅल्क्युलेटरवर आकडे मारून बघा. उत्तर येतं सेकंदाला सुमारे १६२ मीटर. म्हणजे ताशी जवळजवळ ५८० किलोमीटर!

या हिशेबाने कृष्णामाईने समुद्रात विमानाच्या वेगाने शिरायला हवं. प्रत्यक्षात काय दिसतं? वाईच्या घाटावर उभे राहा, नाहीतर नरसोबाच्या वाडीला. पुराचे दिवस सोडले तर पाणी आपल्या चालीपेक्षा फार पुढे जात नाही. मग एवढा वेग गेला कुठे? नदीला ब्रेक लावतं तरी कोण?

सिव्हिलवाले लगेच म्हणतील, त्यात काय, मॅनिंगचं सूत्र! खरंय. पेपरात हमखास येणारा प्रश्न. व्ही बरोबर एक भागिले एन, गुणिले आर चा दोन तृतीयांश घात, गुणिले एस चं वर्गमूळ. आम्ही ते पाढ्यासारखं पाठ करतो, त्यात आकडे घालतो, उत्तराभोवती चौकोन काढतो आणि मोकळे होतो. मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरच्या मंडळींनी इथे पान उलटू नये, कारण हा लेख सूत्राचा नाही, माणसाचा आहे. आणि ज्या माणसाचं नाव जगभरच्या सिव्हिल इंजिनीअरांच्या तोंडी आहे, त्याने इंजिनीअरिंगचं रीतसर शिक्षण कधी घेतलंच नव्हतं!

मी शाळेत सगळं इंग्रजीतून शिकले. मराठी आमची दुसरी भाषा. तिथे शास्त्रज्ञांची एक ठरलेली यादी असायची, न्यूटन, एडिसन, मेरी क्युरी. इंजिनीअरिंगला आल्यावर नावं वाढली पण माणसं गायब झाली. चेझी, डार्सी, बाझां, कुटर, मॅनिंग... ही माणसं आहेत की सूत्रांची आडनावं, असा प्रश्न पडावा. सबमिशन संपल्यावर लायब्ररीत बसून मी एकेकाला शोधायला लागले, आणि मॅनिंगसाहेबांपाशी येऊन थांबले.

रॉबर्ट मॅनिंग यांचा जन्म २२ ऑक्टोबर १८१६ रोजी फ्रान्समधल्या नॉर्मंडीत झाला. वॉटर्लूची लढाई होऊन जेमतेम वर्ष उलटलं होतं आणि त्यांचे वडील त्या लढाईत लढलेले होते. पुढे १८२६ मध्ये, म्हणजे मुलगा दहा वर्षांचा होत असताना, कुटुंब आयर्लंडमधल्या वॉटरफर्ड गावी आलं. तिथेच ते मोठे झाले आणि नोकरीला लागले. कसली नोकरी? हिशेबनिसाची! खातेवह्या, जमाखर्च, बेरजा. तिशीच्या उंबरठ्यापर्यंत त्यांच्या आयुष्यात नदी नव्हती, होते ते फक्त आकड्यांचे रकाने.

मग १८४५ साल उजाडलं. आयर्लंडमधला गरीब शेतकरी जवळजवळ बटाट्यावर जगायचा. त्या बटाट्यावर रोग पडला आणि लागोपाठ पिकं गेली. पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसं उपासमारीने आणि साथींनी मेली, आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. सरकारने काय केलं, किती उशिरा केलं, यावर आजही वाद आहेत. पण एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांना चटकन समजेल. दुष्काळी कामं काढली गेली! महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायची आणि तलाव-बंधाऱ्यांची कामं निघाली होती, आपल्या आजी-आजोबांना विचारा. आयर्लंडमध्ये रस्त्यांबरोबर नद्यांची कामं निघाली.

नद्यांचीच का? तो देश बराचसा सपाट आणि पाऊस वर्षभर. नदीला उतार कमी, पात्र उथळ, मध्ये खडकाचे उंचवटे, जागोजागी पाणचक्क्यांचे बंधारे. पाणी हळू सरकायचं, काठाबाहेर पसरायचं आणि शेतं महिनोन् महिने चिबड राहायची. म्हणून १८४२ मध्ये कायदा करून मोठ्या नद्यांचे निचरे सुधारायचं काम सुरू झालं होतं. पात्र खोल करायचं, वळणं सरळ करायची, अडथळे फोडायचे. १८४६ मध्ये या कामाचा व्याप एकदम वाढला. माणसं हवी होती, आणि ताबडतोब हवी होती.

त्याच १८४६ मध्ये रॉबर्ट मॅनिंग आयर्लंडच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात, नद्यांच्या निचऱ्याच्या शाखेत भरती झाले. सुरुवातीला ड्राफ्ट्समन. त्याच वर्षी सॅम्युएल रॉबर्ट्स या इंजिनीअरचे साहाय्यक. आणि १८४८ मध्ये चक्क जिल्ह्याचे इंजिनीअर! दोन वर्षांत हिशेबनिसाचा इंजिनीअर झाला. आज असं म्हटलं तर प्लेसमेंट सेलला चक्कर येईल.

आता जरा त्या खुर्चीत बसून बघा. समोर नदी आहे. ती हळू वाहते म्हणून शेतं बुडतायत. तिला किती खोल करायचं, किती रुंद करायचं? कमी खणलं तर पैसा वाया आणि शेतं पुन्हा पाण्याखाली. जास्त खणलं तर सरकारी तिजोरी रिकामी, आणि खालच्या गावात एकदम पाणी जाऊन पोचणार. हातात फावडं घेतलेल्या माणसाच्या घरी खायला नाही. म्हणजे अंदाज चुकवायची मुभा कुठेच नाही. आणि हे सगळं एका प्रश्नावर अडलेलं, की नदीला हळू करतं कोण आणि किती?

मॅनिंगसाहेबांनी काय केलं असेल? पुस्तक उघडलं. दोब्युइसाँ नावाच्या फ्रेंच इंजिनीअरचा जलशास्त्रावरचा ग्रंथ हा त्यांच्या अभ्यासाचा पाया होता. ना लेक्चर, ना लॅब, ना गाइड. एक ग्रंथ, आणि बाहेर खरीखुरी नदी.

नदी हळू का होते, याचं मूळ तसं सोपं आहे. तळाला अगदी चिकटलेलं पाणी हलतच नाही, त्याचा वेग शून्य. त्याच्या वरचा थर थोडा पुढे जातो पण खालचा त्याला मागे ओढतो. त्याच्या वरचा आणखी थोडा पुढे. अशी ही ओढाताण थेट वरपर्यंत चालते. शिवाय तळाच्या दगडगोट्यांवरून भोवरे उठतात, ते हळू पाणी वर आणि वेगाचं पाणी खाली नेऊन सगळं घुसळून टाकतात. उतारावरून मिळालेली ऊर्जा या घुसळणीत खर्च होते आणि शेवटी तिची उष्णता होते. कृष्णेची १३३७ मीटरची सगळी उंची अशी उष्णतेत गेली असं धरलं, तरी पाणी जेमतेम तीन अंशांनी तापेल! म्हणून कुणाला कळत नाही. ताशी ५८० किलोमीटरचा वेग असा गुपचूप जिरून जातो.

दिवाळीच्या सुट्टीआधी आम्ही चौघीजणींनी हॉस्टेलमागच्या ओढ्यात संत्री सोडून बघितली. (त्या दिवशी मेसमध्ये तीच होती, आणि पाण्यात सोडण्यासाठीच जास्त योग्य होती.) संत्रं जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतं, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही. एक संत्रं मधोमध सोडलं, एक काठाजवळ. मधलं बघता बघता पुलाखालून निघून गेलं. काठाचं गवताशी घुटमळत, गिरक्या घेत मागे राहिलं. तोच ओढा, तोच उतार, तेच पाणी. फरक एवढाच की एकाचे शेजारी पाणी होतं आणि दुसऱ्याची शेजारीण माती. नदी जिथे जमिनीला शिवते तिथे तिचा वेग जातो!

हेच पहिल्यांदा सूत्रात पकडलं अन्त्वान चेझी या फ्रेंच इंजिनीअरने. पॅरिसला इव्हेत नदीचं पाणी आणायच्या योजनेवर काम करताना, १७७५ च्या सुमारास त्याने मांडलं की पाण्याला खाली ओढणारं गुरुत्वाकर्षण आणि त्याला अडवणारा काठ-तळ यांचा तोल जमला की वेग स्थिर होतो. ओढणारं बळ पाण्याच्या आकारमानावर अवलंबून, अडवणारं बळ ओल्या काठावर. म्हणून पाण्याच्या काटछेदाचं क्षेत्रफळ भागिले ओला काठ, हाच तो आपला आर, हायड्रॉलिक रेडियस. आर मोठा, म्हणजे पाणी भरपूर आणि काठ कमी, म्हणजे नदी वेगवान. बिचाऱ्या चेझीचं हस्तलिखित मात्र धूळ खात पडलं आणि तो १७९८ मध्ये वारला.

गंमत म्हणजे काठ खडबडीत आहे की गुळगुळीत याने काही फरक पडतो, हे बराच काळ मोठमोठ्या लोकांनाही पटत नव्हतं. ड्यू ब्वा आणि प्रोनी यांच्यासारख्यांची समजूत अशी की काठाला पाण्याचाच पातळ थर चिकटलेला असतो, म्हणजे पाणी पाण्यावरूनच घसरतं, मग भिंत लाकडाची असो नाहीतर विटेची, काय फरक पडतो? आपण त्या काळी असतो तर आपल्यालाही हे पटलंच असतं. हेन्री डार्सी यांनी पाइपांवर प्रयोग करून ही समजूत मोडली. ते १८५८ मध्ये गेले, तेव्हा बाझां यांनी ते काम उघड्या कालव्यांत पुढे नेलं. फळ्या, सिमेंट, वीट, गोटे, असे निरनिराळे पृष्ठभाग लावून वेग मोजले आणि १८६५ मध्ये छापले. खडबडीतपणा मोजावाच लागतो, हे सिद्ध झालं.

हे सगळं युरोपात घडत असताना मॅनिंगसाहेब आयर्लंडमध्ये आपली कामं करत होते. १८५१ मध्ये त्यांनी नद्यांच्या निचऱ्यावर आपली निरीक्षणं निबंधरूपाने मांडली. (त्याच वर्षी, त्याच आयर्लंडमध्ये, थॉमस मलव्हनी यांचा पाऊस आणि पूर यांच्या नात्यावरचा निबंध छापून आला. आपण क्यू बरोबर सी आय ए म्हणतो, त्याचं मूळ तिथे आहे!) १८५५ मध्ये ते सरकारी नोकरी सोडून मार्क्विस ऑफ डाउनशायर या मोठ्या जमीनदाराकडे गेले. तिथे डंड्रम बे इथल्या बंदराच्या बांधकामावर देखरेख केली, बेलफास्ट शहराच्या पाणीपुरवठ्याची योजना आखली. मार्क्विसच्या मृत्यूनंतर, १८६९ मध्ये, ते पुन्हा जुन्या खात्यात परतले. १८७४ मध्ये मुख्य इंजिनीअर झाले आणि १८९१ पर्यंत त्या पदावर राहिले. हिशेब करा, निवृत्त झाले तेव्हा वय होतं ७४!

आणि आपलं ते सूत्र? ते आलं या सगळ्याच्या शेवटी शेवटी.

तोपर्यंत नदीच्या वेगाची सूत्रं उदंड झाली होती. प्रत्येक देशाचं वेगळं, प्रत्येक साहेबाचं वेगळं. त्यातलं सगळ्यांत वजनदार होतं गांगीये आणि कुटर या दोन स्विस इंजिनीअरांचं, १८६९ चं. डोंगरातल्या ओढ्यापासून थेट मिसिसिपीपर्यंत सगळ्यांना लागू पडावं म्हणून त्यांनी ते इतकं गुंतागुंतीचं केलं की बघूनच धडकी भरावी. खडबडीतपणासाठी एन हे अक्षर त्या सूत्रातलं आहे. म्हणजे ज्याला आपण मॅनिंगचा एन म्हणतो तो मुळात मॅनिंगचा नाहीच, कुटरचा आहे!

मॅनिंगसाहेबांनी या गर्दीत काय करावं? नवा प्रयोग नाही, नवा सिद्धांत नाही. त्यांनी हिशेबनिसाने करावं तेच केलं. सात नावाजलेली सूत्रं घेतली, ड्यू ब्वा यांच्या १७८६ च्या सूत्रापासून कुटरच्या सूत्रापर्यंत. एक उतार धरला. आर ०.२५ मीटरपासून ३० मीटरपर्यंत बदलत नेला. दर वेळी सातही सूत्रांनी वेग काढला आणि त्या सात उत्तरांची सरासरी घेतली. मग त्या सरासरीला जवळात जवळ जाईल असं एकच साधं सूत्र शोधलं. हातात कॅल्क्युलेटर नव्हता, एक्सेल नव्हतं, हे लक्षात ठेवा. सात रकाने, खाली बेरीज, भागिले सात. वॉटरफर्डच्या खातेवहीची सवय अशी कामाला आली. मग ते सूत्र प्रत्यक्ष प्रयोगांच्या आकड्यांशी ताडून पाहिलं आणि आर चा घात दोन तृतीयांश ठरवला.

४ डिसेंबर १८८९ रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी, त्यांनी हे सूत्र आयर्लंडच्या सिव्हिल इंजिनीअरांच्या संस्थेपुढे मांडलं. ते १८९१ मध्ये छापून आलं.

या छोट्याशा सूत्रात केवढी ताकद आहे, त्याचा एक नमुना. शाळेतल्या भूगोलात आपण शिकतो की नदी डोंगरात वेगाने धावते आणि मैदानात संथ होते. आता आकडे घालून बघू. डोंगरातला ओढा, उतार शंभर मीटरला एक मीटर, आर ०.३ मीटर, गोट्यांमुळे एन ०.०६. वेग येतो सेकंदाला सुमारे ०.७५ मीटर. आता मैदानातली भरलेली मोठी नदी, उतार त्याच्या पन्नासावा हिस्सा, आर ५ मीटर, एन ०.०३. वेग येतो सुमारे १.३८ मीटर. संथ वाटणारी नदीच पुढे! ओढा फेसाळतो, आवाज करतो, म्हणून आपल्याला तो वेगवान वाटतो. खरं तर तो आवाज म्हणजे वेग खर्च होत असल्याचाच आवाज आहे. मोठ्या नदीचं बहुतेक पाणी जमिनीपासून लांब असतं, म्हणून ती न बोलता पुढे सरकते. लिओपोल्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये खऱ्या नद्यांची मोजमापं मांडून दाखवून दिलं की खाली जाताना नदीचा सरासरी वेग साधारणपणे कमी होत नाही, उलट थोडा वाढतोच.

इथपर्यंत वाचून वाटेल की मॅनिंगसाहेब आपल्या सूत्रावर खूश असतील. तर नाही! त्यांना ते आवडतच नव्हतं. कारणं दोन. पहिलं अगदी व्यवहाराचं. एखाद्या आकड्याचा दोन तृतीयांश घात काढायचा तर आधी घनमूळ काढा, मग त्याचा वर्ग करा. साइटवरच्या माणसाने हे कागदावर कसं करायचं? दुसरं कारण जास्त खोल. सूत्राच्या दोन्ही बाजूंची परिमाणं जुळत नाहीत. डावीकडे वेग, उजवीकडे लांबीचा कुठला तरी अपूर्णांकातला घात. जुळवायचं तर एन ला सेकंद भागिले मीटरचा एक तृतीयांश घात असं विचित्र एकक चिकटवावं लागतं. म्हणूनच फूट-पाउंड पद्धतीत मध्येच तो १.४९ टपकतो. ज्या माणसाने आयुष्यभर जमा आणि खर्च जुळवले, त्याला हे कसं पटावं?

म्हणून त्यांनी परिमाणं जुळणारं दुसरं सूत्र तयार केलं. ते जुळवण्यासाठी त्यात हवेच्या दाबाला तोलून धरणाऱ्या पाऱ्याच्या स्तंभाची उंची घातली. नदीचा वेग काढायला बॅरोमीटर! त्यांना स्वतःला हेच सूत्र पसंत होतं. आज ते कुणालाही माहीत नाही. आणि जे त्यांनी बाजूला सारलं होतं, ते पाठ केल्याशिवाय आपल्याला पास होता येत नाही.

हे झालं कसं? फ्लामां या फ्रेंच लेखकाने १८९१ मध्ये आपल्या पुस्तकात ते साधं सूत्र मॅनिंगच्या नावाने दिलं. इतरांनी त्यात कुटरचा एन बसवला, कारण एन चे तक्ते आधीपासून इंजिनीअरांच्या हाताशी होते. १९१८ मध्ये किंग या अमेरिकन लेखकाने आपल्या हँडबुकात दोन तृतीयांश घातांचा आयता तक्ताच छापला. पहिली अडचण मिटली. आणि सोपं तेच टिकलं. खरं तर हा दोन तृतीयांश घात फ्रान्सच्या गोक्लेर यांनी १८६७ मध्येच सुचवला होता, त्यामुळे युरोपात बऱ्याच ठिकाणी त्यांचं नाव आधी लावतात. म्हणजे एन कुटरचा, घात गोक्लेरचा, आर चेझीचा, खडबडीतपणा डार्सी-बाझांचा. मॅनिंगसाहेबांचं काय? सगळ्यांचं ऐकून घेऊन, एका ओळीत बसवून, ते वापरता येईल असं करून देणं. मला विचाराल तर हेही इंजिनीअरिंगच आहे, आणि ते फार कमी लोकांना जमतं.

९ डिसेंबर १८९७ रोजी मॅनिंगसाहेब गेले. योगायोग असा की त्याच १८९७ मध्ये हर्शेल या अमेरिकन इंजिनीअरने चेझीचं विसरलेलं काम इंग्रजीत छापून जगापुढे आणलं, चेझीच्या मृत्यूनंतर तब्बल ९९ वर्षांनी. सूत्र कुणाच्या नावाने ओळखलं जाईल, हे सूत्र लिहिणाऱ्याच्या हातात नसतं हेच खरं.

आता तुम्ही विचाराल, सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या या गोष्टीचं आज आपल्याला काय?

नदीला हळू करणारी सगळी कारणं आपण एन या एका अक्षरात कोंबलेली आहेत. गुळगुळीत काँक्रीटला एन ०.०१३ च्या आसपास, मातीच्या कालव्याला ०.०२२ ते ०.०२५, स्वच्छ सरळ नदीला ०.०३, आणि झाडोरा माजलेल्या पूरमैदानाला ०.१ किंवा वर. कोवन यांनी १९५६ मध्ये याची एक रीत घालून दिली. आधी तळाच्या मातीचा एन घ्यायचा, मग काठ वेडावाकडा असेल तर थोडी भर, पात्र कमी-जास्त रुंद होत असेल तर भर, राडारोडा असेल तर भर, गवत-झुडपं असतील तर भर, आणि नदी फार वळणं घेत असेल तर त्या सगळ्याला गुणायचं. पुन्हा जमाखर्चच! पण यातली प्रत्येक भर कुणीतरी डोळ्यांनी बघून ठरवायची असते. बघायला शिकावं म्हणून व्हेन ते चौ यांच्या १९५९ च्या पुस्तकात पात्रांचे फोटो एन सकट दिले आहेत. एवढं गणित शिकून शेवटी इंजिनीअरला फोटोशी नदी जुळवायला बसावं लागतं!

आपल्या राज्यात नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखतात. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषांवरून ठरतं की कुठे बांधकाम होईल आणि कुठे नाही. हे हिशेब करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पोटात बसलेत तेच मॅनिंगसाहेब. एन कमी धरला की कागदावर पाणी भराभर निघून जातं, रेषा नदीच्या जवळ सरकते आणि नकाशावर प्लॉट निघतात. एन जास्त धरला की कुणाचं तरी आयुष्यभराच्या कमाईचं घर रेषेच्या आत येतं. दशांशचिन्हानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आकड्यावर माणसांची घरं उभी आहेत.

आणि एन कायमचा नसतो. समजा, स्वच्छ पात्राचा एन ०.०३ धरून आपण हिशेब केला. पुढे पात्रात झुडपं वाढली, राडारोडा पडला, जलपर्णीने वरूनही छप्पर घातलं आणि एन दुप्पट झाला. रुंद नदीत तेवढंच पाणी जायचं तर खोली दीडपटीहून किंचित जास्त लागते. जिथे २ मीटर पाणी असायचं तिथे ३ मीटर. पाऊस तोच, धरणाचा विसर्ग तोच, आणि पाणी थेट उंबऱ्याच्या आत. उलट, काठ काँक्रीटने गुळगुळीत केले तर पाणी इथून सुटतं आणि खालच्या गावाच्या दारात लवकर जाऊन पोचतं. नदीचा वेग कमी होणं हे सरसकट वाईटही नाही आणि चांगलंही नाही. कुठे कमी व्हावा आणि कुठे होऊ नये, हे मात्र माणसांनाच ठरवावं लागतं.

मला मॅनिंगसाहेबांबद्दल सगळ्यांत जास्त आदर वाटतो तो याच कारणाने. दुष्काळात भुकेली माणसं ज्या नद्या खणत होती, तिथे ते शिकले. ७३ व्या वर्षी सूत्र मांडलं, आणि ते अपुरं आहे हे स्वतःच सांगून टाकलं. आपण मात्र ते इतकं पक्कं समजतो, की एन चा आकडा प्रश्नपत्रिकेत दिलेला नसेल तर सुपरवायझरला हाक मारतो.

मित्र-मैत्रिणींनो, नोकरीला लागल्यावर तो आकडा कुणी देणार नाही. तक्ता असेल, सॉफ्टवेअर असेल, वरिष्ठांची घाई असेल. तेव्हा एवढं करा. तक्त्यात बोट ठेवण्याआधी बूट चिखलात घाला, आणि ती नदी एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात स्वतः जाऊन बघून या.